गट तीन, डेटा वाकडा: जामोवी कितपत कामाचं?

नागपुरात थीसिसच्या टेबलावर येणारा डेटा क्वचितच घंटेच्या आकाराचा, म्हणजे नॉर्मल, असतो. मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या वॉर्डातले भरतीचे दिवस पाहा. बहुतेक पेशंट चार-पाच दिवसांत घरी जातात आणि एखादाच महिनाभर राहतो. रक्ततपासणीतले सीआरपी आणि फेरिटिन तसेच, एकीकडे लांब शेपूट असलेले. वेदनेचा ० ते १० स्कोअर तर मोजमापही नाही, नुसती चढती पायरी. शेतीकडे आलं की संत्र्याची झाडागणिक फळगळ, कपाशीच्या बोंडातल्या अळ्या, बोअरवेलच्या पाण्यातलं फ्लोराइड, सगळं एका बाजूला कललेलं. त्यात तुलना तीन-चार गटांची करायची असते. गाइड म्हणतात, "क्रुस्कल-वॉलिस लाव." ही गटांची तुलना मूळ आकड्यांऐवजी त्यांच्या क्रमांवरून करणारी चाचणी. आणि मग शोध सुरू होतो की लावायचं कशात.

हे परीक्षण जामोवी या फुकट सॉफ्टवेअरचं आहे, आणि तेही याच एका कामापुरतं: तीन किंवा जास्त स्वतंत्र गट, डेटा नॉर्मल नाही, शेवटी कुठला गट कुठल्यापेक्षा वेगळा ते सांगायचंय. मत आधीच देतो. पहिल्यांदा आकडेमोड करणाऱ्यासाठी आज याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही. पण गटांच्या जोड्या तपासण्याची त्याची एक ठरलेली पद्धत आहे. गट लहान असतील तर तिथे तुमचा निकाल हमखास अडकतो, आणि का अडकला ते पडद्यावर कुठेच लिहून येत नाही. तीन-चार रेप्लिकेशनवर, म्हणजे गटामागे तीन-चार नमुन्यांवर, काम करणाऱ्यांनी तो भाग नीट वाचावा.

आधी जामोवी म्हणजे काय ते. आतून ते आर या सांख्यिकी भाषेवर चालतं, बाहेरून एक्सेलसारखं दिसतं. सोर्स कोड खुला, लायसन्सचा खर्च शून्य, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. इन्स्टॉलर बराच मोठा आहे, कारण आर त्याच्या पोटातच येतं. तो एकदा उतरवला की इंटरनेट लागत नाही. विभागातल्या जुन्या कॉम्प्युटरवर काम करणाऱ्यांना हे फार उपयोगी पडतं. वेबसाइटवर सॉलिड आणि करंट अशा दोन आवृत्त्या असतात. थीसिससाठी सॉलिड घ्या आणि काम संपेपर्यंत तीच ठेवा, म्हणजे पद्धतीच्या प्रकरणात लिहिलेला आवृत्ती क्रमांक शेवटपर्यंत खरा राहतो.

चाचणी कुठे आहे? अ‍ॅनालिसिस टॅबवर एनोव्हाचं बटण, त्याच्या यादीत खाली नॉन-पॅरामेट्रिक असा भाग, त्यात वन-वे एनोव्हा आणि खाली क्रुस्कल-वॉलिस. वरच्या चौकटीत मोजमाप, खालच्या चौकटीत गट, मग इफेक्ट साइज आणि पेअरवाइज या दोन खुणा. संपलं. निकाल उजव्या बाजूला लगेच दिसतो, आणि डेटात एक आकडा बदलला की तो आपोआप पुन्हा मोजला जातो.

आता एक छोटं उदाहरण. आकडे समजावण्यासाठी रचलेले आहेत, कुठल्याही बागेतले नाहीत. अंबिया बहारात संत्र्याच्या पंधरा झाडांची फळगळ मोजली असं धरा, तीन गट, प्रत्येकी पाच झाडं. पहिला गट बिनफवारणीचा: ४१, ५८, ६३, ७२, २१०. दुसरा एका फवारणीचा: २९, ३५, ४४, ४९, ६६. तिसरा दोन फवारण्यांचा: १२, १८, २२, ३१, ३८. गट डोळ्यांनाही वेगळे दिसतात. पण साधा एनोव्हा, म्हणजे गटांच्या सरासरींची तुलना करणारी नेहमीची चाचणी, लावला तर एफ ३.२५ येतो आणि पी ०.०७४. पी म्हणजे खरा फरक नसतानाही योगायोगाने इतका फरक दिसण्याची शक्यता; ती ०.०५ च्या खाली आली तरच फरक "सिग्निफिकंट" धरतात. म्हणजे फरक सिद्ध होत नाही. हे त्या एका २१० च्या झाडामुळे झालं. त्याने गटाच्या आतला फरक इतका फुगवला की गटागटांमधला फरक त्याखाली दबला.

क्रुस्कल-वॉलिस मूळ आकडे बाजूला ठेवून त्यांचे क्रम घेतो. सगळी पंधरा झाडं लहानापासून मोठ्यापर्यंत एका रांगेत उभी केली की पहिल्या गटाच्या क्रमांकांची बेरीज ६० येते, दुसऱ्याची ४२, तिसऱ्याची १८. एकूण १२०, जी १ ते १५ ची बेरीज आहे. हाताने करताना हा ताळा घ्याच. मग सूत्र. प्रत्येक बेरजेचा वर्ग करून गटातल्या संख्येने भागायचा आणि तिन्हींची बेरीज करायची, ती ११३७.६. तिला १२ भागिले १५ गुणिले १६, म्हणजे ०.०५ ने गुणलं की ५६.८८. त्यातून तीन गुणिले १६, म्हणजे ४८ वजा. उरले ८.८८. हाच एच. जामोवी तो काय-स्क्वेअरच्या रकान्यात ८.८८ असा दाखवतं, डिग्रीज ऑफ फ्रीडम २, पी ०.०१२. फरक किती मोठा ते सांगणारा एप्सिलॉन स्क्वेअर ०.६३४ येतो. तो म्हणजे एच भागिले एकूण संख्या वजा एक, इथे ८.८८ भागिले १४. समान आकडे आले तर एचला आणखी एक दुरुस्ती लागते. ती जामोवी स्वतःच करतं, त्यामुळे हाताने काढलेला एच किंचित लहान दिसला तर घाबरू नका.

आता डेटाच्या खिडकीत जाऊन २१० च्या जागी २१०० टाका. एच जागचा हलत नाही, कारण ते झाड आधीही पंधरावं होतं आणि आताही पंधरावंच आहे. गाइडना किंवा परीक्षकांना ही चाचणी का निवडली हे समजावायला याहून चांगलं प्रात्यक्षिक नाही, आणि जामोवीत ते पाच सेकंदांत होतं. मात्र त्याआधी नोंदवहीत २१० खरंच आहे का, की २१.० चा ठिपका टाइप करताना सुटला, हे पाहा. चुकीची नोंद क्रम लावल्याने बरोबर होत नाही.

आता जोड्यांकडे. एकूण पी ०.०१२ एवढंच सांगतो की तिन्ही गट सारखे नाहीत. कुठला वेगळा ते कळायला तीन जोड्या तपासाव्या लागतात. चार गटांत सहा जोड्या होतात, पाच गटांत दहा. सहा स्वतंत्र चाचण्या ०.०५ वर केल्या तर निव्वळ योगायोगाने किमान एक "सिग्निफिकंट" निघण्याची शक्यता सव्वीस टक्क्यांच्या वर जाते. म्हणून क्रुस्कल-वॉलिसनंतर प्रत्येक जोडीला सुटी टी-टेस्ट किंवा सुटी मॅन-व्हिटनी (दोन गटांची क्रमावरची चाचणी) लावून मोकळं होणं चूक आहे. नागपुरातल्या बऱ्याच थीसिसमध्ये ही चूक दिसते आणि व्हायव्हात नेमकी तीच पकडली जाते.

जामोवी या कामासाठी ड्वास-स्टील-क्रिचलो-फ्लिग्नर ही पद्धत देतं, म्हणजेच डीएससीएफ. ती प्रत्येक जोडीतल्या दोन गटांना पुन्हा नव्याने क्रम लावते, उरलेल्या गटाकडे पाहतही नाही, आणि मिळालेला डब्ल्यू ट्युकीच्या कोष्टकावर तपासते. अनेक जोड्यांची दुरुस्ती त्यातच आलेली असते, वरून बॉनफेरोनी, म्हणजे पीला जोड्यांच्या संख्येने गुणण्याची दुरुस्ती, लावायची नाही. आपल्या उदाहरणात पहिल्या आणि तिसऱ्या गटाच्या जोडीचा डब्ल्यू ३.६९ (चिन्ह गटांच्या क्रमावर ठरतं) आणि पी ०.०२ ते ०.०३ च्या मध्ये. पहिला-दुसरा २.२२, दुसरा-तिसरा २.८१. तीन गटांसाठी ०.०५ ची हद्द ३.३१ आहे, म्हणून या दोन जोड्या त्याखालीच राहतात. निष्कर्ष: दोन फवारण्यांनी बिनफवारणीपेक्षा फळगळ कमी दिसते, एका फवारणीबद्दल या डेटावरून काही ठाम बोलता येत नाही.

परीक्षणातली महत्त्वाची गोष्ट आता येते. पहिल्या गटातलं प्रत्येक झाड तिसऱ्या गटातल्या प्रत्येक झाडापेक्षा वर आहे. यापेक्षा स्वच्छ फरक असूच शकत नाही. तरी डब्ल्यू ३.६९ वरच थांबला, कारण पाच-पाच झाडांत तो त्याहून मोठा होतच नाही. गटात चारच झाडं असती तर डब्ल्यूची कमाल ३.२७ झाली असती, हद्दीच्या किंचित खाली. म्हणजे तीन गट आणि प्रत्येकी चार नमुने असतील, तर फरक कितीही मोठा असो, जामोवीची डीएससीएफ चाचणी ०.०५ च्या आत पी देऊच शकत नाही. प्रत्येकी तीन असतील तर कमाल २.७८, म्हणजे पी ०.१० च्या वरच. गट वाढले की हद्दही चढते: चार गटांना ३.६३, पाच गटांना ३.८६. त्यामुळे पाच-पाच नमुन्यांवर चार गट जेमतेम निभतात आणि पाच गट मुळीच नाही. गटात सहा-सहा घेतले तर कमाल ४.०८ होते आणि सहा गटांपर्यंत, तिथली हद्द ४.०३, वाट मोकळी राहते.

बायोकेमिस्ट्री आणि मायक्रोबायोलॉजीच्या प्रयोगशाळांत "ट्रिप्लिकेट" ही सवय पक्की आहे. तीन गट, प्रत्येकी तीन नमुने, गट पूर्णपणे वेगळे निघाले, तर एच ७.२ येतो आणि सॉफ्टवेअर पी ०.०२७ दाखवतं. विद्यार्थी खूश होतो. खालच्या टेबलात पाहतो तर तिन्ही जोड्या नॉन-सिग्निफिकंट. सॉफ्टवेअर बिघडलेलं नसतं. नमुनेच इतके कमी असतात की त्या चाचणीला बोलायला जागा उरत नाही. त्यात वरचा ०.०२७ सुद्धा काय-स्क्वेअरच्या अंदाजावरचा आहे. नऊ नमुने तीन-तीनच्या गटांत वाटण्याचे १६८० प्रकार होतात आणि त्यातले फक्त ६ इतके टोकाचे असतात, म्हणून अचूक पी ०.००३६ निघतो. गटात पाचपेक्षा कमी नमुने असतील तर हा अंदाज ढोबळ ठरतो. जामोवी या खिडकीत अचूक पी देत नाही. ही त्याची उणीव आहे आणि ती लहान नाही.

यावर उपाय तीन. सगळ्यात चांगला म्हणजे सिनॉप्सिस लिहितानाच गटामागे किमान सहा नमुने धरणं. दुसरा म्हणजे डनची पद्धत वापरणं. ती एकत्र लावलेले मूळ क्रमच जोड्यांसाठी वापरते. आपल्या उदाहरणात गटांचे सरासरी क्रम १२, ८.४ आणि ३.६. प्रमाण त्रुटी ८ चं वर्गमूळ, म्हणजे २.८३. पहिला-तिसरा फरक ८.४ भागिले २.८३, झेड २.९७, पी ०.००३, तिनाने गुणून ०.००९. दुसरा-तिसरा ०.०९०, होल्मच्या (पायरीपायरीने कमी आकड्याने गुणण्याच्या) दुरुस्तीनंतर ०.१८. पहिला-दुसरा ०.२०. निष्कर्ष तोच, पण ठाम जोडीचा पी बराच खाली आला, कारण इथे जोडीबाहेरच्या गटाची माहितीही वापरली जाते. तीन-तीनच्या त्या उदाहरणातही डनची पद्धत टोकाच्या जोडीला दुरुस्तीनंतर ०.०२२ देते. तिसरा उपाय लॉगचा, तो पुढे येतो. पद्धत कुठलीही घ्या, ती डेटा पाहण्याआधी ठरवा आणि लिहून ठेवा. दोन्ही लावून जी बरी दिसली ती छापणं हा प्रामाणिक मार्ग नाही.

डन हवी असेल आणि तुमच्या जामोवीच्या आवृत्तीत ती नसेल, तर जास्प हे दुसरं सॉफ्टवेअर उघडा. तेही फुकट आहे, तेही आतून आर वापरतं, आणि एनोव्हाच्या खिडकीत नॉन-पॅरामेट्रिकखाली क्रुस्कल-वॉलिस व पोस्ट हॉकखाली डन मिळतं. तिथे बॉनफेरोनी आणि होल्म दोन्ही रकाने शेजारी शेजारी येतात. होल्म घ्या. संरक्षण तेवढंच मिळतं आणि खरा फरक कमी वेळा निसटतो. डेटा हाताळायला मात्र मला जामोवीच मोकळं वाटतं. थेट आरमध्ये काम करणाऱ्यांसाठी एक सूचना: डन-टेस्ट नावाचं पॅकेज सवयीने एकतर्फी पी छापतं आणि त्याची तुलना ०.०२५ शी करायला सांगतं. तो आकडा तसाच उचलून ०.०५ शी ताडला की निकाल अर्ध्या किमतीत सिग्निफिकंट होतो. दुतर्फी पी मागण्याचा पर्याय त्यात आहे, तो चालू करा.

एसपीएसएस या विकतच्या सॉफ्टवेअरबद्दल थोडक्यात. संस्थेकडे लायसन्स असेल तर जरूर वापरा, पण लेगसी डायलॉगमधल्या के इंडिपेंडंट सँपल्सच्या रस्त्याने गेलात तर एच आणि सरासरी क्रम एवढंच मिळतं, जोड्या मिळत नाहीत. त्यासाठी नॉन-पॅरामेट्रिक टेस्ट्समधल्या इंडिपेंडंट सँपल्सने जावं लागतं. तिथे डन आणि बॉनफेरोनी मिळतात, जुन्या आवृत्त्यांत निकालावर डबल क्लिक केल्यावर. क्रॅक केलेल्या कॉपीवर थीसिस करू नका. फुकट आणि कायदेशीर पर्याय असताना त्याची गरजच नाही. एक्सेलच्या डेटा अ‍ॅनालिसिस टूलपॅकमध्ये क्रुस्कल-वॉलिस नाही, पण क्रम काढून वरचं सूत्र त्यात सहज बसवता येतं, आणि एकदा तरी तसं करून पाहावं.

जामोवीत काम बिघडतं ते बहुतेक वेळा डेटा आत घेतानाच. स्तंभात कुठे "एनडी" (आढळलं नाही) किंवा "५ पेक्षा कमी" असं टाइप केलेलं असेल तर जामोवी अख्खा स्तंभ मजकूर समजतं, त्याला नॉमिनल, म्हणजे नुसती नावं असलेला, ठरवतं आणि तो मोजमापाच्या चौकटीत जाईनासा होतो. स्तंभाच्या शीर्षकावर डबल क्लिक करून प्रकार बदलता येतो, पण त्या नोंदी आधी नीट करायला हव्यात, नाहीतर त्या रिकाम्या होऊन गणतीतूनच जातात. पाण्याच्या नमुन्यांत उपकरणाच्या मर्यादेखालच्या नोंदी नेहमी येतात. मर्यादा एकच असेल आणि बाकी सगळे आकडे तिच्या वर असतील, तर त्या सर्व नोंदींना मर्यादेखालचा एकच आकडा द्या. त्यांचे क्रम समान होतील आणि क्रमावरच्या चाचणीला तेवढं पुरतं. इथे ही पद्धत साध्या एनोव्हापेक्षा खरोखर वरचढ आहे, कारण मर्यादेचा अर्धा की पूर्ण आकडा धरायचा हा वादच उरत नाही. उलट, गटांना १, २, ३ असे कोड दिले असतील तर त्या स्तंभाचा प्रकार नॉमिनल आहे ना हे पाहून घ्या.

दुसरी चूक सॉफ्टवेअर पकडूच शकत नाही. पाच झाडं, प्रत्येक झाडाची दहा फळं, मिळून पन्नास आकडे. चाचणीच्या दृष्टीने नमुने पाचच. पन्नास ओळी टाकल्या की पी कमालीचा लहान येतो आणि तो खोटा असतो, कारण एका झाडाची फळं एकमेकांसारखी असतात. आधी झाडागणिक एक आकडा काढा, मग चाचणी. एका पेशंटच्या दोन डोळ्यांचं किंवा प्रयोगशाळेतल्या एका प्लेटवरच्या तीन खळग्यांचंही (वेल) हेच.

तिसरी चूक शेतीत जास्त. प्रयोग रँडमाइज्ड ब्लॉक डिझाइनमध्ये घेतला असेल तर गट स्वतंत्र नसतात, प्रत्येक ब्लॉकमध्ये सगळ्या ट्रीटमेंट असतात. तिथे क्रुस्कल-वॉलिस लावला की ब्लॉकचा फरक गोंधळ म्हणून मोजला जातो. त्या जागी फ्रीडमन चाचणी घ्या, जी त्याच यादीत रिपीटेड मेजर्सखाली आहे. डेटा मात्र आडवा मांडावा लागतो, एका ओळीत एक ब्लॉक आणि प्रत्येक ट्रीटमेंटचा वेगळा स्तंभ. फ्रीडमनमधल्या जोड्या जामोवी डर्बिन-कोनोव्हर पद्धतीने देतं आणि त्या पींना अनेक तुलनांची दुरुस्ती केलेली नसते. डीएससीएफची सवय झालेला माणूस इथे फसतो. होल्म हाताने लावा: सगळ्यात लहान पीला जोड्यांच्या संख्येने गुणा, पुढच्याला एकाने कमी, असं करत जा, आणि एखादा गुणाकार आधीच्यापेक्षा लहान आला तर आधीचाच आकडा ठेवा.

नॉर्मॅलिटी तपासताना सगळे गट एकत्र करून शापिरो-विल्क ही नॉर्मॅलिटीची चाचणी लावू नका. गट खरंच वेगळे असतील तर एकत्र ढिगाला दोन-तीन शिखरं असणारच. जामोवीच्या वन-वे एनोव्हात नॉर्मॅलिटी टेस्ट आणि क्यू-क्यू प्लॉटची खूण आहे. ती अवशेषांवर, म्हणजे प्रत्येक आकड्यातून त्याच्या गटाची सरासरी वजा करून जे उरतं त्यावर, चालते, तीच योग्य. त्यातही नजर प्लॉटवर जास्त ठेवा. पाच-पाच नमुन्यांत शापिरो-विल्क जवळपास काहीच पकडत नाही आणि पाचशे नमुन्यांत निरुपद्रवी वळणालाही लाल झेंडा दाखवतो. गट मोठे आणि डेटा बऱ्यापैकी नॉर्मल, पण फैलाव असमान असेल, तर क्रुस्कल-वॉलिसकडे धावायचं कारण नाही. त्याच खिडकीत वेल्च आणि खाली गेम्स-हॉवेल आहे, ते या दुखण्यावरचं नेमकं औषध. फैलावाच्या फरकाने क्रुस्कल-वॉलिसही दिशाभूल करू शकतो.

आता लॉग. फळगळ, सीआरपी, भरतीचे दिवस हे पटींत वाढणारे आकडे आहेत. जामोवीत कॉम्प्युटेड व्हेरिएबल घेऊन नैसर्गिक लॉगचा स्तंभ बनवा आणि त्यावर साधा एनोव्हा लावा. आपल्या त्याच पंधरा झाडांवर एफ ७.९ आणि पी साधारण ०.००६ येतो. शिवाय सांगण्यासारखा आकडा हाती लागतो: भूमितीय सरासरी ७४, ४३ आणि २२, म्हणजे बिनफवारणीच्या झाडांत दोन फवारण्यांच्या तुलनेत सुमारे ३.३ पट फळगळ. बागायतदाराला "सरासरी क्रम १२ विरुद्ध ३.६" सांगून काही कळत नाही, "तिप्पटीहून जास्त" लगेच कळतं. शून्य नोंदी असतील तर लॉग चालत नाही. तिथे, आणि वेदनेच्या स्कोअरसारख्या पायऱ्यांच्या डेटात, क्रमावरची चाचणीच बरी. पेशंटचं वय किंवा आजाराची तीव्रताही जमेस धरायची असेल तर क्रुस्कल-वॉलिसमध्ये त्याला जागा नाही. जामोवीच्या रिग्रेशनमधलं ऑर्डिनल लॉजिस्टिक घ्या. ट्रीटमेंट आणि वाण असे दोन घटक एकत्र असतील तरी हीच अडचण. डोस चढत्या क्रमाने दिले असतील तर जाँकहीर-टर्पस्ट्रा जास्त धारदार ठरते, पण या खिडकीत ती नाही, आर गाठावं लागतं.

निकाल लिहिताना जामोवी थोडं अपुरं पडतं. क्रुस्कल-वॉलिसच्या टेबलात ना मीडियन येतं ना सरासरी क्रम. एक्सप्लोरेशनमधल्या डिस्क्रिप्टिव्हमध्ये जाऊन गटागणिक विभागणी करा, मीडियन आणि आयक्यूआरच्या (मधल्या निम्म्या आकड्यांचा पल्ला) खुणा करा, बॉक्स प्लॉटवर मूळ ठिपकेही दाखवा. चाचणी क्रमांची आणि टेबलात सरासरी अधिक-उणे एसडी, ही जोडी जमत नाही. वाक्य असं चालेल: "फळगळीचं मीडियन तीन गटांत अनुक्रमे ६३, ४४ आणि २२ होतं. क्रुस्कल-वॉलिस एच ८.८८, डिग्रीज ऑफ फ्रीडम २, पी ०.०१२, एप्सिलॉन स्क्वेअर ०.६३. डीएससीएफ तुलनेत फक्त पहिला आणि तिसरा गट वेगळे आढळले." "मीडियनमध्ये फरक सिद्ध झाला" असं मात्र लिहू नका, जोवर सगळ्या गटांच्या वितरणाचा आकार सारखा नाही. चाचणी सांगते ते इतकंच की एका गटातले आकडे दुसऱ्यापेक्षा वर असण्याकडे झुकतात. आकार वेगळे असतील तर मीडियन समान असूनही ती सिग्निफिकंट येऊ शकते.

टेबल उजव्या क्लिकने कॉपी करून वर्डमध्ये नीट उतरतं, मराठी शीर्षकंही टिकतात. आणि जामोवीची फाइल डेटा, खुणा आणि निकाल तिन्ही एकत्र जपते. आकडेमोड बाहेरून पैसे देऊन करून घेणार असाल तर छापील टेबलांवर समाधान मानू नका, ही फाइल मागून घ्या. ती उघडली की कुठला स्तंभ कुठल्या चौकटीत गेला, किती नोंदी वगळल्या, जोड्या कुठल्या पद्धतीने तपासल्या, सगळं समोर असतं. सिंटॅक्स मोड चालू केला तर प्रत्येक निकालावर आरची ओळही दिसते, ती परिशिष्टात लावता येते. फाइल द्यायला कुणी टाळाटाळ करत असेल तर काम दुसरीकडे द्या.